‘घराबाहेर’ या शब्दाचा इतिहास : पूर्व स्वित्झर्लंडमधील यंत्रभरतकामाचा गृहोद्योग आणि १८७७ चा कारखाना कायदा

यंत्र आले आणि घरातील धंदा बसला, हा औद्योगिक क्रांतीच्या इतिहासाचा ठरून गेलेला सारांश आहे. चरखा माळ्यावर गेला, माग सरपणात गेला आणि माणसे गिरणीच्या भोंग्यावर उठू लागली, हे चित्र लँकशायरपुरते खरे आहे. मुंबईच्या गिरणगावापुरतेही ते बऱ्याच अंशी खरे मानावयास हरकत नाही. परंतु हा क्रम सर्वत्र असाच घडला असे गृहीत धरून आपण इतिहास लिहू लागलो, तर काही उद्योग आपल्या दृष्टीतून अजिबात निसटतात. यंत्र प्रथम कारखान्यात आले आणि मग तेथून निघून घरात शिरले, असाही एक उलटा प्रवास युरोपच्या मध्यभागी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला. पूर्व स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन, आपेन्झेल व थुरगाउ हे परगणे, आणि ऱ्हाइन नदीपलीकडील ऑस्ट्रियाचा फोरार्लबेर्ग प्रांत, ही त्याची भूमी. तो धंदा भरतकामाचा होता.

विषय वाटतो तितका परका नाही. आपल्याकडील कापडाच्या दुकानांत ‘हकोबा’ म्हणून मिळणारे बारीक छिद्रांचे सुती कापड, किंवा व्यापारी ज्याला ‘शिफली’ म्हणतात ते भरीव वेलबुट्टीचे कापड, अनेकांच्या परिचयाचे आहे. ‘शिफली’ हा शब्द स्विस-जर्मन बोलीतील असून त्याचा अर्थ ‘छोटी होडी’ असा आहे. सैनिकाच्या बाहीवर किंवा शाळेच्या गणवेशावर शिवला जाणारा भरीव बिल्ला हेदेखील त्याच होडीचे अपत्य होय. शब्द आपल्यापर्यंत येऊन पोचला. त्यामागचे घर मात्र आले नाही.

सेंट गॅलन हे मध्ययुगापासून तागाच्या कापडाचे शहर होते. अठराव्या शतकात त्या भागात कापूस आला, मलमल विणली जाऊ लागली, आणि त्या मलमलीवर हाताने भरतकाम करून घेण्याचा व्यापार शहरातील सावकारी पेढ्यांनी उभा केला. हे काम हजारो स्त्रिया आपापल्या घरी करीत; काम शहराच्या भिंतींबाहेर, खेड्यापाड्यांत आणि थेट ऱ्हाइनपलीकडे पसरले होते. व्यापारी कापड व नक्षी द्यावयाचा, बाई टाके घालावयाची, मधला माणूस माल ने-आण करावयाचा. रुडॉल्फ ब्राऊन यांनी १९६० साली झुरिचच्या डोंगराळ प्रदेशाविषयी लिहिताना, आणि पुढे फ्रँकलिन मेंडेल्स यांनी १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात, अशा ग्रामीण गृहोद्योगाला औद्योगिक क्रांतीची पूर्वपीठिका म्हटले. मेंडेल्स यांच्या मांडणीत घर ही पहिली पायरी आहे व कारखाना दुसरी. सेंट गॅलनच्या भरतकामात या पायऱ्यांचा क्रम चढता राहिला नाही, आणि म्हणूनच त्याचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

भरतकामाचे पहिले उपयुक्त यंत्र म्यूलूझ येथील जोझुए हाइलमान याने १८२८ मध्ये तयार केले. पुढच्याच वर्षी सेंट गॅलनच्या फ्रांत्स मांगे या व्यापाऱ्याने अशी दोन यंत्रे विकत घेतली. परंतु ती समाधानकारक चालेनात. मांगे याचा जावई बार्थोलोमे रिटमायर व यंत्रज्ञ फ्रांत्स आंटोन फोग्लर यांनी शतकाच्या मध्यास त्यांत सुधारणा केल्या, तेव्हा कोठे यंत्रावरचे भरतकाम बाजारात टिकू लागले. या यंत्राची रचना समजून घेतल्याविना पुढील सारा इतिहास उलगडत नाही. म्हणून तिचे थोडे विस्ताराने वर्णन करणे अवश्य आहे.

कापड एका मोठ्या चौकटीत उभे ताणलेले असते. त्याच्या पुढे व मागे रुळांवर सरकणारे एकेक गाडे असून त्यांवर चिमट्यांच्या रांगा असतात. सुई दोन्ही टोकांस अणकुचीदार असते व तिचे नेढे मधोमध असते. पुढच्या गाड्याच्या चिमट्यांनी धरलेल्या सुया, आणि त्या तीनशेहून अधिक असावयाच्या, एकाच वेळी कापडात शिरतात. मागील गाड्याचे चिमटे त्यांना पकडतात, गाडा मागे सरकतो, दोरा ओढला जातो, आणि मग तीच क्रिया उलट दिशेने होते. सुई वळविण्याची गरजच नाही. टाका कोठे पडावयाचा हे चौकट हलवून ठरते. कारागिराच्या डाव्या हाती एका तरफयंत्राचे टोक असते. समोरच्या फळीवर सहापट मोठी काढलेली नक्षी असते. त्या नक्षीवरील बिंदूवर त्याने टोक टेकविले की चौकट त्याच्या सहाव्या हिश्श्याने सरकते. उजवा हात दांडा फिरवितो, दोन्ही पाय पट्ट्या दाबून चिमटे उघडतात व मिटतात. म्हणजे एक मनुष्य दोन हात व दोन पाय एकदम चालवून शेकडो सुयांकडून एकच टाका घेतो. दिवसाकाठी असे दोन-तीन हजार टाके पडत.

या वर्णनात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, हे यंत्र लोखंडाचे, अवजड, खोली भरून टाकणारे असले तरी ते चालते मनुष्याच्या हातापायांनी. त्याला वाफ लागत नाही, पाणचक्की लागत नाही. कारखान्यात ठेवले काय आणि घरात ठेवले काय, शक्तीच्या दृष्टीने फरक पडत नाही. दुसरी गोष्ट दोऱ्याची. सुई आरपार जात असल्यामुळे दोरा अखंड असू शकत नाही. तो सुमारे मीटरभराचा तुकडा असतो. तो संपला की तीनशे सुया पुन्हा ओवावयाच्या. भरणारा थांबू नये म्हणून दुसऱ्या कोणी तरी सतत सुया ओवून तयार ठेवल्या पाहिजेत. या कामाला बळ नको, शिक्षण नको. लहान बोटे आणि तीक्ष्ण डोळे हवेत. पुढील सर्व दुःखाचे मूळ या मीटरभर दोऱ्यात आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

यंत्राने आणखी एक उलथापालथ केली, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही असे मला वाटते. हातचे भरतकाम हे स्त्रियांचे होते. यंत्रावर बसला तो पुरुष. ज्या घरात कालपर्यंत बायको टाका घालीत होती आणि नवरा शेत पाहत होता, त्या घरात नवरा ‘भरणारा’ झाला व बायको त्याची ओवणारी. कौशल्याचे नाव आणि मजुरीची चिठ्ठी दोन्ही एका हातातून दुसऱ्या हाती गेली.

आरंभी ही यंत्रे बहुतांशी कारखान्यांतच होती. एकेका इमारतीत यंत्रांच्या रांगा, प्रत्येक यंत्राशी एक भरणारा व एक ओवणारी, आणि त्यांच्या आसपास मुले. १८६० च्या दशकात अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली आणि मागणी भराभर वाढली. त्याच सुमारास काही यंत्रे खेड्यांतील घरांत जाऊ लागली होती. मग आला १८७७ चा कायदा.

स्विस संघराज्याचा हा कारखाना कायदा त्या काळच्या युरोपात अत्यंत पुरोगामी मानला जातो, आणि तो तसा होताही. त्याआधी १८६४ मध्ये ग्लारुस परगण्याने आपल्या जाहीर लोकसभेत हात वर करून प्रौढ कामगारांसाठीही बारा तासांची मर्यादा घातली होती. १८७७ च्या कायद्याने साऱ्या देशात दिवसाचे अकरा तास ठरविले, शनिवारी दहा. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात काम देण्यास मनाई केली. स्त्रियांचे रात्रीचे व रविवारचे काम बंद केले. बाळंतपणाच्या आगेमागे त्यांना कामावर घेऊ नये असे बजावले. कारखानदारांनी विरोध केला, प्रकरण सार्वमतास गेले, आणि २१ ऑक्टोबर १८७७ रोजी निसटत्या बहुमताने कायदा संमत झाला. मतदार अर्थात् केवळ पुरुष होते.

या कायद्याच्या पहिल्याच कलमात कारखान्याची व्याख्या आहे. जेथे अनेक कामगार एकाच वेळी व नियमितपणे, आपल्या राहत्या घराबाहेर, बंदिस्त जागेत काम करतात ती औद्योगिक संस्था म्हणजे कारखाना, असा तिचा आशय. ‘आपल्या राहत्या घराबाहेर’ या तीन शब्दांचा हेतू उघड आहे. राज्याने नागरिकाच्या उंबरठ्याआत शिरू नये ही त्या शतकाची श्रद्धा होती, आणि कायदा मंजूर करवून घ्यावयाचा तर शेतकरी मतदाराला त्याच्या घराची हमी देणे भाग होते. परंतु भरतकामाच्या बाबतीत या तीन शब्दांनी काय केले? कारखान्यातील यंत्राशी तेरा वर्षांची मुलगी सुया ओवू लागली तर तो गुन्हा. तेच यंत्र तिच्या बापाच्या घरी नेले तर सात वर्षांच्या मुलीनेही ओवाव्यात. कारखान्यात अकरा तास. घरात डोळे मिटेपर्यंत.

यंत्रे घरांकडे निघाली. घराला लागून एखादी पडवी वाढवावयाची, किंवा तळघरातील खोलीला ओळीने खिडक्या पाडावयाच्या, आणि तेथे हे धूड बसवावयाचे. आपेन्झेलच्या डोंगरांत विणकरांची तळघरे पूर्वीपासून होतीच. मागाची जागा भरतयंत्राने घेतली. यंत्र बहुधा उधारीवर येई. १८९० चे दशक येईपर्यंत निम्म्याहून अधिक हातयंत्रे कारखान्यांबाहेर, घरांत चालत होती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कायद्यानेच यंत्रांना घरी हाकलले, असे एकेरी विधान करण्याचा मोह होतो. तत्कालीन कारखानदारही आपल्या सोयीसाठी हेच सांगत होते. हे पूर्ण सत्य नव्हे. यंत्रांचे स्थलांतर कायद्याच्या आधीच सुरू झाले होते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने घरातील यंत्रात एक मोठाच फायदा होता : भरतकाम हा फॅशनवर चालणारा धंदा, पॅरिस व न्यूयॉर्क यांच्या लहरीवर त्याची भरती-ओहोटी, मंदी आली तर कारखान्यातील रिकाम्या यंत्राचे व्याज मालकाच्या अंगावर पडे, घरातील रिकाम्या यंत्राचे व्याज घरवाल्याच्या अंगावर. घरवाल्याच्या दृष्टीनेही आकर्षण होते. थोडी जमीन, एखादी गाय, स्वतःचे यंत्र, डोक्यावर मुकादम नाही. विणकरापेक्षा मजुरी बरी. धनंजयराव गाडगीळांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नागरी हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची कारणे सांगताना दरबारांचा अस्त, परकीय सत्तेचा प्रभाव व परदेशी मालाची स्पर्धा अशी ती निरनिराळी तपासली, एकाच कारणावर सारा भार टाकला नाही. तीच शिस्त येथेही पाळावयास हवी. व्यापाऱ्याला जोखीम टाळावयाची होती, कुणब्याला स्वातंत्र्य हवे होते, यंत्राला बाह्य शक्तीची गरज नव्हती. कायद्याने या तिन्ही प्रवृत्तींना एकाच दिशेने उतार करून दिला. कायदा हे मूळ नव्हे. पण त्याने वेग दिला यात शंका नाही.

आता घरातील हिशेब पाहू. मजुरी दर शंभर टाक्यांना ठरे. व्यापारी व भरणारा यांच्यामध्ये फेर्गर नावाचा अडत्या असे. तो शहरातून कापड, दोरा व नक्षी आणी, गावोगाव वाटी, तयार माल तपासून घेई, आणि दोष आढळल्यास मजुरी कापी. सिन्नर किंवा सोलापूरकडील विडी कामगारांशी ज्याचा परिचय आहे त्याला हे चित्र नवे वाटणार नाही. सट्टेदार आणि त्याची ‘छाट’ ही याच जातीची व्यवस्था होय. सुटलेले टाके हाताने दुरुस्त करणाऱ्या, नक्षीच्या कडा कातरून काढणाऱ्या, अशा आणखी कितीतरी स्त्रिया या साखळीच्या शेवटी बसलेल्या असत, त्याही घरीच.

परंतु खरी मेख अशी की, टाक्यांच्या मजुरीतच ओवणाऱ्याची मजुरी अंतर्भूत होती. बाहेरची ओवणारी ठेवली तर तिला भरणाऱ्याने आपल्या मिळकतीतून द्यावयाचे. बायकोमुलांनी ओवले तर ती रक्कम घरात राहिली. म्हणजे मुलाचे काम हे बापाच्या क्रौर्याचे नव्हे तर दरपत्रकाचे फळ होते. दर उतरला की टाके वाढवावयाचे. टाके वाढले की ओवण्याच्या सुया वाढल्या. त्या ओवावयास घरातील आणखी एक लहान भावंड बसले. आणि सर्वांनीच असे केल्यामुळे माल वाढून दर पुन्हा उतरला. या चक्रातून एकटा भरणारा स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकत नव्हता.

मुले सकाळी शाळेपूर्वी ओवीत, दुपारच्या सुटीत येऊन ओवीत, संध्याकाळी शाळा सुटल्यावर दिव्याच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत ओवीत. हे आपल्याला कळते ते मुख्यतः शिक्षक, पाद्री व वैद्य यांच्यामुळे. वर्गात झोपणारी मुले, अधू होत चाललेली दृष्टी, वाकलेल्या पाठी यांविषयी त्यांनी लिहून ठेवले. या साधनांचे स्वरूप विसरून चालणार नाही. कारखान्यावर निरीक्षक जाई, त्याचा अहवाल छापला जाई, म्हणून कारखान्याचा इतिहास लिहिता येतो. घरावर कोणी जात नसे. घरातील श्रमाची नोंद, तो श्रम घराबाहेर पडून शाळेच्या बाकावर डुलक्या घेऊ लागला, तेव्हाच झाली. ज्या उद्योगात सर्वाधिक मुले राबली त्याची साधने सर्वांत विरळ असावीत, हा योगायोग नाही. ते त्याच तीन शब्दांचे दुसरे फळ आहे. आल्बेर्ट टानर यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात पूर्व स्वित्झर्लंडमधील विणकर, भरणारे व कारखानदार यांचा जो सामाजिक इतिहास रचला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते.

संघराज्याचे पहिले कारखाना निरीक्षक नेमले गेले त्यांत ग्लारुसमधील मोलिस येथील वैद्य फ्रिडोलिन शुलर हे होते. या गृहस्थांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. त्यांनी कारखान्यांतील हवा, उजेड, रोगराई यांची पाहणी केली, आणि १८८९ मध्ये बुर्कहार्ट यांच्या सहकार्याने कारखान्यांतील लोकांच्या आरोग्यावर एक मोठा संशोधनग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला स्वयंपाकाला वेळ नाही व घरच्यांच्या पोटात कस नाही, हे पाहून कामगारांसाठी स्वस्त व पौष्टिक असे डाळीचे पीठ तयार व्हावे म्हणून त्यांनी १८८० च्या दशकात आग्रह धरला. ते पीठ ज्या गिरणीवाल्याने बनविले त्याचे नाव यूलिउस मॅगी. आज ते नाव आपल्याकडे शेवयांच्या पाकिटावर वाचणाऱ्यांना त्यामागे कारखाना निरीक्षकाची वही होती याची कल्पना नसते. असा हा सहृदय व चिकित्सक अधिकारी. पण घराच्या दारापाशी त्याचा अधिकारही संपत होता. घरगुती भरतकामाच्या स्थितीची जाण त्यांना होती, आणि कायद्याचे संरक्षण तेथवर पोचत नाही ही खंतही.

भरणारे मात्र हातपाय गाळून बसले नाहीत, ही गोष्ट अवश्य नमूद केली पाहिजे. १८८५ मध्ये पूर्व स्वित्झर्लंड व फोरार्लबेर्ग यांचा मिळून भरतकाम उद्योगाचा एक मध्यवर्ती संघ स्थापन झाला. त्यात व्यापारी, अडते, कारखानदार व घरी काम करणारे भरणारे हे सारे एकत्र आले. संघाने टाक्यांचे किमान दर ठरविले, आणि घरांतील यंत्रांनाही अकरा तासांची मर्यादा लावली. सरकार जेथे जाऊ शकत नव्हते तेथे सभासदांनी स्वतःहून एकमेकांना जाऊ दिले. युरोपच्या मजूर-इतिहासात हा प्रयोग असामान्य आहे. तो चालला तोवर दर सावरले. पण सॅक्सनीतील प्लाउएनचे कारखाने संघाबाहेर होते, स्पर्धा वाढली, संघातही फाटाफूट झाली, आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी तो मोडला. स्वेच्छेने घातलेले बंधन, सर्वांनी घातले नाही तर, घालणाऱ्यालाच जाचते. संघ मोडला तो सद्भावनेच्या अभावाने नव्हे, सीमेपलीकडील यंत्रांमुळे.

या मधल्या काळात यंत्रविद्या थांबली नव्हती. इझाक ग्रोब्ली याने १८६३ मध्ये शिवणयंत्राच्या धर्तीवर अखंड दोऱ्याने भरणारे यंत्र योजिले. सुईचे नेढे टोकाशी, दोरा रिळावरून सतत येणारा, आणि मागील बाजूस दुसरा दोरा घेऊन धावणारा होडीच्या आकाराचा लहान धोटा : हीच ती ‘शिफली’. विंटरथूरच्या रीटर कंपनीत त्याची पहिली यंत्रे बनली. मीटरभर दोऱ्याचा प्रश्न सुटला. ओवण्याचे काम एकदम घटले. परंतु हे यंत्र हाताने फिरणारे नव्हते, त्याला शक्ती लागे; म्हणून ते कारखान्यात गेले, आणि कारखान्यात गेले म्हणून कायद्याच्या कक्षेत आले. पुढे १८९८ मध्ये ग्रोब्लीचा मुलगा आर्नोल्ड याने छिद्रे पाडलेल्या पट्ट्यांवर चालणारे स्वयंचलित यंत्र सिद्ध केले, तेव्हा नक्षीवर टोक फिरविणारा भरणाराही अनावश्यक होऊ लागला. पण गंमत अशी की, विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यांत वीज आली, लहान मोटारी मिळू लागल्या, आणि शिफली यंत्रही घराच्या पडवीत जाऊन बसले. ऱ्हाइनकाठच्या लुस्टेनाउसारख्या गावांत तर ते पुढे पिढ्यान्पिढ्या तेथेच राहिले.

१९१० च्या सुमारास भरतकाम हा स्वित्झर्लंडच्या निर्यातीतील पहिल्या क्रमांकाचा माल होता, आणि जगातील एकूण उत्पादनापैकी जवळजवळ निम्मा वाटा एकट्या सेंट गॅलनच्या परिसराचा होता. दहा वर्षांनी हे सर्व ढासळले. महायुद्धाने बाजार तोडले, युद्धानंतर स्त्रियांचा पोशाख साधा व आखूड झाला, झालरी गेल्या. १९२० च्या दशकात सार्वजनिक निधीतून मोबदला देऊन यंत्रे मोडीत काढविण्यात आली. ज्या कुटुंबांनी कर्ज फेडून यंत्र आपलेसे केले होते त्यांच्याच अंगणात ते हातोड्यांनी फोडले गेले.

कायदा घरात केव्हा शिरला? १९१७ मध्ये, महायुद्धाच्या आणीबाणीत, संघराज्याच्या मंत्रिमंडळाने भरतकामासाठी किमान मजुरी ठरविण्याचा आदेश काढला. गृहोद्योगाचा स्वतंत्र कायदा १२ डिसेंबर १९४० रोजी झाला. म्हणजे १८७७ पासून त्रेसष्ट वर्षांनी. आणि तोही बहुतेक हातयंत्रे भंगारात गेल्यानंतर.

भारतीय वाचकाने येथे १८८१ च्या आपल्या पहिल्या कारखाना कायद्याची आठवण ठेवावी. त्या कायद्याने कारखाना ओळखला तो यांत्रिक शक्ती व शंभर कामगार या दोन खुणांनी. सात वर्षांखालील मुलांना बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. स्विस व्याख्या घराच्या भिंतीवर थांबली, आपली व्याख्या शक्ती व संख्या यांवर. हातदांड्याचे भरतयंत्र आपल्या व्याख्येत शंभरांच्या कारखान्यातही बसले नसते. घरी काम करणाऱ्यास आपल्याकडे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने स्पष्टपणे कामगार म्हटले. दोन्ही देशांत हे अंतर अनेक दशकांचे पडावे, ही तुलना अधिक अभ्यासास योग्य आहे.

आता शेवटी त्या भरीव बिल्ल्याकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी स्विस, ऑस्ट्रियन व जर्मन कारागीर शिफली यंत्रांसह अमेरिकेत न्यू जर्सीतील हडसन परगण्यात स्थायिक झाले. तेथील टेकडीचा खडक अवजड यंत्रांचा हादरा सोसणारा होता आणि न्यूयॉर्कचा कपड्यांचा बाजार नदीच्या पलीकडेच होता. १९१८ मध्ये अमेरिकेची ८१ वी डिव्हिजन बाहीवर रानमांजराचे चिन्ह शिवून फ्रान्सला गेली. इतर तुकड्यांनी तक्रार केली. जनरल पर्शिंग यांनी ते चिन्ह काढून टाकण्याऐवजी सर्वच डिव्हिजनांना आपापली चिन्हे ठरविण्यास सांगितले. आरंभीचे हे बिल्ले हाती लागेल त्या कापडाचे, हाताने शिवलेले होते. दुसऱ्या महायुद्धात मागणी लाखांवर गेली आणि ती शिफली यंत्रांनी पुरविली : एका लांब कापडावर एकच चिन्ह शेकडो वेळा भरावयाचे आणि मग प्रत्येक कडेने कापून काढावयाचे. हिंदुस्थान-ब्रह्मदेश आघाडीवरील अमेरिकन सैनिकांनी मात्र आपले बिल्ले येथल्याच कारागिरांकडून, कधी जरीतही, करवून घेतले. ते आज संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहेत. संग्राहक बिल्ल्याची कड पाहून त्याचा काळ ओळखतात : युद्धकाळातील कड कापलेली असते, १९६० च्या दशकानंतर जाड दोऱ्याने गुंफलेली कड रूढ झाली. कड कोणी कापली हे मात्र कडेवरून कळत नाही.

कापणे, कातरणे, सुटे धागे काढणे ही कामे भरतकामाच्या धंद्यात नेहमीच घरांकडे गेली आहेत. अमेरिकेच्या श्रम खात्याने १९४० च्या दशकात ज्या सात उद्योगांत घरी काम देण्यावर निर्बंध घातले त्यांत भरतकाम एक होते. स्विस कायद्याने घर वगळले होते. अमेरिकन नियमाने घरातील कामच वगळले. चार दशकांनंतर, १९८८ मध्ये, भरतकामावरील ती बंदी उठविण्यात आली. तेव्हा तिच्या बाजूने व विरुद्ध जे युक्तिवाद झाले, म्हणजे एकीकडे घरी राहून मिळविण्याचे स्त्रीचे स्वातंत्र्य आणि दुसरीकडे उंबरठ्याआड न दिसणारे तास, ते आपेन्झेलच्या भरणाऱ्यास ऐकविले असते तर त्याला त्यांत एकही शब्द नवा वाटला नसता.

तोवर छिद्रांच्या पट्टीची जागा संगणकाच्या आज्ञावलीने घेतली होती, आणि पुढील दशकात एका सुईचे, टेबलावर मावणारे भरतयंत्र घरांत विकले जाऊ लागले. आज त्यावर घरबसल्या बिल्ले करून विकणारे पुष्कळ आहेत. नक्षी यंत्राच्या भाषेत उतरविण्याला धंद्यात अजूनही ‘पंचिंग’च म्हणतात, आणि कामाची किंमत अजूनही हजार टाक्यांच्या दराने सांगितली जाते.